धरून ठेवलेली खूण

घरीच चालवलेल्या पाळणाघरातली पोरं दुपारी झोपली, की थोरली आधी पंखा जरा कमी करायची, मग दाराची कडी आवाज न करता लावायची, आणि मग दुधाच्या डब्याला टेकवून फोन उभा करायची. शेजारी तिचं ताट वाढलेलं असायचं, पण झाकून. धाकट्या बहिणीचं तोंड पाहिल्याशिवाय दुपारचा घास घ्यायचा नाही, हा तिचा नेम. आई गेली त्या दिवशी तिने तो मनातल्या मनात धरला आणि कुणाला सांगितला नाही. पण नेम लपला तरी उपाशी माणूस कुठे लपतं? मुलाला कळलं, सुनेला कळलं, आणि मग दोघांनी त्याबद्दल बोलायचं सोडून दिलं.

धाकटीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्या काळी जवळपास अशा मुलांची शाळा नव्हती, म्हणून आईने आणि दोघी बहिणींनी मिळून घरातल्या घरात एक भाषा रचली होती. कानाची पाळी चिमटीत धरली की आई, कारण आईच्या कानातले डूल बोलताना सारखे हलायचे. अंगठा तोंडात घातला की थोरलीचा मुलगा; शाळेत जाईपर्यंत तो अंगठा चोखायचा. आता तो इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत मोठा इंजिनियर होता, चार माणसं हाताखाली होती, पण मावशीच्या लेखी अजून अंगठेबहाद्दरच. आणि उजवा गाल फुगवून त्यावर बोट टेकवलं, की 'जेवलीस का?'

दोघींमध्ये आता एका अख्ख्या घाटाचं अंतर होतं. धाकटी तिकडे दुसऱ्या गावात, इस्त्रीवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायची आणि खिडकीशी बसून रफू करायची. तिचं रफू असं, की कपडा उलटा करून पाहिला तरी फाटलं कुठे होतं ते सापडू नये. खाली इस्त्रीवाल्याला काही सांगायचं असलं, की तो झाडूच्या दांड्याने छताला ठोके द्यायचा. ते ठोके तिला तळपायातून कळायचे. "बाईंचे कान पायात आहेत," असं तो गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा.

पाळणाघरात झोपेच्या वेळी कुजबुजसुद्धा चालत नाही. पण या दोघींच्या गप्पांना आवाजच नव्हता. पोरं गाढ झोपलेली, आणि फोनसमोर थोरली हातवारे करतेय, डोळे मोठे करतेय, तोंडावर पदर धरून हसतेय. जागं राहिलेलं एखादं पोर पांघरुणातून टकमक बघायचं. बघून बघून पोरं खुणा शिकली. एकीची आई तर एकदा भांडायलाच आली.

"काकू, आमची ही घरी रोज गाल फुगवून बोट लावून बसते. काय शिकवलंत तिला?"

"अगं, ती तुला विचारतेय, जेवलीस का म्हणून."

"अगं बाई! आम्ही दाढ दुखतेय समजून दातांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं की हो!"

ही गोष्ट थोरलीने धाकटीला सांगितली, तेव्हा तिकडे धाकटी हसता हसता सुई टोचून घेऊन बसली होती. तेव्हा चित्र स्वच्छ दिसायचं. बोटावर आलेला रक्ताचा थेंबसुद्धा थोरलीला दिसला होता.

मग कधीतरी चित्र अडकायला लागलं.

आधी अधूनमधून, आणि मग रोजच. धाकटीने हात उचलला, की तो हवेतच थांबायचा. चेहऱ्याचे चौकोन चौकोन व्हायचे, जणू कुणी शेंदरी-करड्या ठिगळांची गोधडी शिवायला घेतलीय. मग एकदम पुढचं काहीतरी दिसायचं, मधलं सगळं गायब. बोलणाऱ्या माणसांचं काय, चित्र गेलं तरी आवाज उरतो. पण ज्यांचं बोलणंच हातात, त्यांचा हात अडकला की जीभ छाटल्यासारखंच. धाकटी काहीतरी मोठं सांगत असायची आणि थोरलीच्या हाती लागायचं ते फक्त 'इस्त्रीवाला' आणि 'नाही'. मध्ये काय होतं? इस्त्रीवाला आला नाही, का मेला नाही, का पैसे देत नाही?

थोरलीने मुलाच्याच कंपनीच्या तक्रारखिडकीला फोन लावला. तिथली मुलगी साखरेसारखं गोड बोलायची आणि दर वेळी एकच सांगायची, "मॅडम, इंटरनेटचा खोका बंद करून परत चालू करा." थोरलीने तो इतक्या वेळा बंद-चालू केला, की पोरांनी त्याचाही खेळ केला. एकाने दुसऱ्याचं नाक दाबायचं आणि म्हणायचं, "बंद! चालू!"

मुलाला विचारलं, तर तो ताटातून मान वर न करता म्हणाला, "तुझा फोन जुना झालाय, आई."

"फोन जुना झाला, मग भाजीवालीशी बोलताना बरा कसा चालतो?"

"ते साधं बोलणं असतं. हे चित्र. चित्राला जास्त जागा लागते. आमच्या कंपनीचं स्वतःचं ॲप आलंय बघ, त्यात अजिबात अडकत नाही. ते घे."

"मी घेईन रे. पण तिच्या त्या फोनवर ते चढतच नाही. आणि हे एक शिकवायला मला किती दिवस लागले! लांबून, खुणांनी. आता परत पहिल्यापासून?"

त्याने पुढचा घास कालवला.

वरच्या मजल्यावरचे गाण्याचे मास्तरही हेच रडगाणं गायचे. त्यांच्या शिकवण्या फोनवरूनच चालायच्या. "ताई, मी 'सा' लावतो, तो विद्यार्थ्याकडे पोचेपर्यंत त्याचा 'नि' झालेला असतो," असं जिन्यात भेटले की सांगायचे. आधी हसत सांगायचे. मग शिष्य गळायला लागले, आणि हसू गळालं.

थोरली हात जोडून बसणारी असली, तरी हात बांधून बसणारी नव्हती. तिने आणि धाकटीने मिळून तोडगा काढला. चित्र उशिरा पोचतं ना? मग खूण करायची आणि तशीच धरून ठेवायची. हलायचं नाही. पुतळ्यासारखं. समोरचीपर्यंत ती पोचली, की समोरची मान हलवणार, आणि मग पुढची खूण. लहानपणी दोघी अंगणात पुतळा-पुतळा खेळायच्या, तेच आता पिकल्या केसांनी सुरू झालं. पाच वाक्यांना दुपार सरायची. खांदे भरून यायचे. पण बोलणं व्हायचं. कधी कधी धाकटी अर्धी घटका तशीच बसलेली दिसायची, आणि थोरलीला कळायचं नाही, की चित्र अडकलंय, का बिचारी अजून खूण धरून आहे. मग ती आपली फोन चालू ठेवायची आणि वाट बघायची. झाकलेलं ताट थंड व्हायचं.

एका संध्याकाळी सून कामावरून लवकर आली, तर ताट तसंच, आणि सासूबाई फोनसमोर. पोरांना न्यायला आया येऊन दारात उभ्या होत्या.

रात्रीच्या जेवणाला सुनेने नवऱ्याला सुनावलं. "अहो इंटरनेटवाले, तुम्ही आख्ख्या शहराला इंटरनेट वाटता आणि तुमची आई घरात उपाशी बसते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का?"

"असू दे गं," थोरली म्हणाली. "तो काय करणार? ढग-बिग असतील."

मुलाने हातातला घास खाली ठेवला. "रोज उपाशी राहतेस?"

"उपाशी कसली. उशीर होतो इतकंच."

"किती उशीर?"

"होतो थोडा."

सून म्हणाली, "आज दिवेलागणीपर्यंत."

मुलगा उठला, हात धुतले आणि किती तरी वेळ नळाशी तसाच उभा राहिला. पाणी वाहत होतं. थोरलीला वाटलं, पोराला आईची काळजी वाटली. बरं वाटलं तिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं झोपली. पंखा कमी झाला, कडी लागली, फोन दुधाच्या डब्याला टेकला. धाकटीने फोन उचलला. उचलल्या उचलल्या तिने कानाची पाळी चिमटीत धरली. आज काहीतरी आईबद्दल सांगायचं असावं. मग हात खाली आला, मेजावरच्या कपड्यावर टेकला, आणि चित्र थांबलं.

"झालं," थोरली मनात म्हणाली.

तिने आपली खूण धरली. गाल फुगवला, बोट टेकवलं. जेवलीस का? आणि पुतळा होऊन बसली.

धाकटी एका अंगाला जराशी कललेली होती. डोळे फोनकडे. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओढलेला. दातात दोरा धरला की तिचं तोंड नेहमी असंच व्हायचं. थोरलीला एका गोष्टीचं मात्र नवल वाटलं. आज चौकोन नव्हते. चेहरा अख्खा दिसत होता. कपाळावरच्या सुरकुत्या, केसांत खोचलेली सुई, बाहीवर चिकटलेला निळा धागा, सगळं स्पष्ट. 'आज अडकली, पण छान अडकली,' ती स्वतःशी म्हणाली, आणि तिला खरोखर आनंद झाला. कितीतरी दिवसांनी बहिणीचं तोंड असं नीट बघायला मिळत होतं.

खांदा दुखायला लागला तेव्हा तिने खूण सोडली. नेम होता तोंड बघायचा. तोंड तर बघितलं. रोजच्या त्या ठिगळांच्या चित्राला 'बघितलं' म्हणायचं की नाही, यावर तिची देवाशी रोज हुज्जत चालायची. आज हुज्जतीला जागाच नव्हती. तिने मनोमन हात जोडले आणि ताटावरचं झाकण काढलं.

ती जेवली. फोन बंद केला नाही, बहिणीच्या समोर बसूनच जेवली, लहानपणी एका ताटात जेवायच्या तशी. मधे एक पोर रडत उठलं, त्याला मांडीवर घेऊन थोपटलं, परत येऊन ताक-भाताचा शेवटचा घास घेतला. ताट उचलताना फोनकडे बघून हसलीसुद्धा.

दारावर टकटक झाली. मुलगा होता. दुपारी तो कधीच घरी यायचा नाही.

"काय रे? बरं नाही का?"

"बरं आहे. सहज आलो." त्याच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. हातातली पिशवी त्याने लपवून आणल्यासारखी मागे धरली होती, आणि लहानपणी प्रगतिपुस्तक चांगलं असलं की जसा उभा राहायचा तसाच उभा होता. "मग? आज कशी काय दिसली मावशी?"

"हळू बोल, पोरं झोपलीत. कशी काय दिसणार, रोजचंच. अडकली."

"अडकली?"

"हो. बसलेय केव्हाची. म्हणजे जेवले मी, काळजी करू नको. चित्र छान आहे आज."

मुलाच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. "आई, अडकणं शक्य नाही."

"अरे, समोर दिसतंय की. बघ."

"अडकणं शक्यच नाही. मी सकाळी..." तो थांबला. "सकाळी मी आपल्या घराचं मोकळं केलंय."

"मोकळं? म्हणजे बांधलेलं होतं का?"

पिशवी तिथेच सोडून तो झोपलेल्या पोरांमधून पाय टाकत गेला आणि फोनसमोर वाकला. थोरली मागून आली. तिला त्याचं डोकं दिसत होतं आणि डोक्याच्या बाजूने पडद्याचा एक कोपरा. धाकटी तशीच होती. कललेली, डोळे समोर.

"आई," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच. "खिडकीचा पडदा हलतोय."

थोरलीने पाहिलं. धाकटीच्या मागे खिडकी होती आणि खिडकीला फिका पडदा. तो वाऱ्याने फुगला, हळूहळू बसला, परत फुगला. बाहीवरचा निळा धागा भुरभुरत होता. चित्रातलं सगळं जिवंत होतं. एक धाकटी सोडून.

काही गोष्टी डोळ्यांना आधी दिसतात आणि माणसाला मागून. थोरली पडदा बघत राहिली. किती शहाणा पडदा, कसा श्वास घेतोय, असं काहीतरी खुळं तिच्या मनात आलं. तिच्या बोटांना अजून भाताचा वास होता.

"इस्त्रीवाला!" मुलगा ओरडला. पोरं दचकून उठली. "आई, इस्त्रीवाल्याचा नंबर!"

नंबर थोरलीला तोंडपाठ होता. तिने तो सांगितला, एकही आकडा न चुकता, आणि नंतर किती तरी दिवस तिला त्याचं आश्चर्य वाटत राहिलं. मुलाने आपल्या फोनवरून लावला. साधा फोन, साधं बोलणं. लगेच लागला.

"वर जा, मावशी... बाई हलत नाहीयेत, पटकन वर जा!"

"हलत नाहीत म्हणजे? आत्ता मघाशी ठोके दिले मी, कपडे आलेत म्हणून. उतरल्या नाहीत. मला वाटलं, फोनवर असतील ताईंशी."

फोनवर ताईंशीच होत्या त्या.

मग त्या स्वच्छ चित्रात दार उघडलेलं दिसलं. इस्त्रीवाला आत आला, घामेजलेला, खांद्यावर पंचा. त्याने धाकटीच्या खांद्याला हात लावला आणि ती त्या हातावर कोसळली, जसा खुंटीवरून कपडा घसरावा तशी. तिचे डोळे उघडे होते. ते थोरलीला शोधत होते. सगळं लख्ख दिसत होतं, पापणीचा केसन्‌केस दिसत होता. इतक्या महिन्यांत थोरलीने ज्या चित्रासाठी देवाला साकडं घातलं होतं, ते चित्र असं होतं.

सून पोरं सांभाळायला धावत आली. मायलेक गाडीत बसून निघाले. धाकटीला तिकडे रुग्णवाहिकेतून दवाखान्यात नेलं होतं, इस्त्रीवाला दुकान उघडं टाकून सोबत गेला होता. श्वास चालू होता, एवढंच कळलं होतं.

गाडी शहराबाहेर पडली. थोरली तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होती, पण नाव मध्येच तुटत होतं.

"बांधलेलं होतं का?" तिने परत विचारलं.

मुलाने समोरच्या रस्त्यावरून नजर काढली नाही. "आवळलेलं होतं. बाहेरची चित्राची ॲप्स आम्ही दुपारपासून आवळतो. थोडी. म्हणजे लोक कंटाळून आमच्या ॲपवर येतात, नाहीतर जास्तीचा प्लॅन घेतात."

"आम्ही म्हणजे कोण?"

"कंपनी."

"कंपनीला हात असतात का रे? कळ कोण दाबतं?"

रस्त्याला वळण आलं. ते संपल्यावर तो म्हणाला, "मी."

थोरलीला वाटलं, आपल्याला राग येईल. आला नाही. आला तो थंडपणा, पायाकडून वर चढत गेलेला. याच हाताचा अंगठा याच्या तोंडातून काढायला तिने कडू पाला लावून पाहिला होता.

"आणि फोन जुना झाला म्हणालास."

"हो."

"मी खोका बंद-चालू करत बसले. त्या गोड मुलीचं ऐकून."

"आई, तिलाही माहीत नसतं गं."

"ढग असतील, म्हणाले मी. तुझ्या बायकोपुढे तुझी बाजू घेतली." तिने मांडीवरचा पदर मुठीत गोळा केला. "मी नळ सोडते तेव्हा नळ मला विचारतो का, पाणी चहाला नेतेस की फरशीला? आणि फरशीला म्हटलं तर थेंब थेंब सोडतो का?"

"सगळ्याच कंपन्या करतात, आई."

"सगळ्यांनाच मावश्या असतात, बाळा."

त्याने काच खाली केली आणि परत वर केली. "म्हणून तर आज सकाळी आपलं मोकळं केलं. कुणाला न विचारता. तुला कळू नये, नुसतं बरं वाटावं, म्हणून बघायला आलो होतो. मिठाईसुद्धा आणली होती."

"आपलं," थोरली म्हणाली. "आणि वरच्या मास्तरांचं?"

त्याने गिअर बदलला.

"त्यांच्या शिकवण्या गेल्या सगळ्या. जिन्यात भेटतात, तुझी चौकशी करतात. मुलगा फार हुशार हो तुमचा, म्हणतात." तिचा आवाज चढला नाही. तिचा कधीच चढायचा नाही. "सोडायचं तर सगळ्यांचं सोड, नाहीतर आपलंही परत आवळ. मला असली चोरून दिलेली तार नको."

"नोकरी जाईल, आई."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. घाट लागला होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या आणि फार दमलेल्या. मेंदूत रक्ताची गाठ अडकून झटका आलाय, म्हणाल्या. जीव वाचेल. उजवी बाजू गेलीय, हात आणि पाय, तोंडाचीही. किती परत येईल ते आज सांगता येणार नाही. मग त्यांनी विचारलं, "हे नेमकं कधी सुरू झालं? कुणी पाहिलं का?"

इस्त्रीवाला पंचा चुरगाळत उभा होता. त्याने थोरलीकडे बघितलं.

"मी पाहिलं," थोरली म्हणाली.

"म्हणजे तुम्ही तिथेच होतात?"

"समोर होते. फोनवर. पोरं झोपली तेव्हा तिचा हात खाली आला." तिने आपल्या बोटांकडे पाहिलं. "मग मी जेवले."

डॉक्टरीणबाईंना ते कळलं नाही. त्यांनी विचारलं, "मग लगेच कुणाला बोलावलं का नाही? या आजारात सगळा खेळ वेळेचा असतो हो. लगेच आणलं असतं, तर औषधाचा खूप जास्त उपयोग झाला असता."

"मला वाटलं, नेट अडकलंय," थोरली म्हणाली. मोठ्याने बोलल्यावर ते वाक्य तिला स्वतःलाच वेडगळ वाटलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, लिहून घेतलं आणि पुढच्या रोग्याकडे गेल्या.

पडवीतल्या बाकावर एक माणूस फोन डोळ्यांशी धरून बसला होता. फोनवर एक लहान मूल होतं, तोंड उघडं, दोन दात दिसत होते. "हॅलो, हॅलो," तो म्हणत होता. "अडकलं वाटतं." कुठल्या कंपनीची तार होती कुणास ठाऊक. मुलगा त्याच्यापुढून जाताना थबकला आणि मग घाईने पुढे गेला.

धाकटीला खिडकीजवळची खाट मिळाली होती. ती जागी होती. थोरलीला बघितल्यावर तिच्या तोंडाची डावी बाजू हलली. उजवी तशीच राहिली, दातात दोरा धरल्यासारखी. उजवा हात चादरीवर होता, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. ज्या हाताने ती रफू करायची, ज्या हाताने ती चिडवायची, भांडायची, रडायची, तो हात. बोलणारा हात.

थोरली खाटेच्या कडेला टेकली. काय खूण करावी तेच सुचेना. साऱ्या आयुष्यात पहिल्यांदा बहिणीपुढे तिचे हात मुके झाले.

मग धाकटीने डावा हात उचलला. तो हळूहळू तोंडाशी आला, तोंडावरून पलीकडे गेला आणि उजव्या गालावर एक बोट टेकलं. ती गाल फुगवायचा प्रयत्न करत होती. त्यात वारा भरेना. ओठांच्या कोपऱ्यातून हवा फुसफुसत निघून जात होती.

जेवलीस का?

आणि तिने हात तसाच धरून ठेवला.

थोरली बघत राहिली. हात थरथरत होता, दंडाची शीर ताणली होती, पण बोट गालावरून हलत नव्हतं. डोळे थोरलीच्या डोळ्यांवर, चिकाटीने, वाट बघत.

दारात उभ्या मुलाला ती खूण माहीत होती. लहानपणी तो त्या खुणेवर वाढला होता. पण पुढचं त्याला कळेना. "मावशी हात खाली का घेत नाहीये, आई? दुखत असेल तिला."

"चित्र पोचायची वाट बघतेय," थोरली म्हणाली.

"कसलं चित्र?"

"आम्ही असंच बोलतो आता. तू आवळलंस तेव्हापासून. खूण केली की धरून ठेवायची, पोचेपर्यंत." ती त्याच्याकडे वळली नाही. "तिला वाटतंय, अजून पोचायचं आहे."

मागे मुलाची पावलं पडवीकडे गेली. बाक करकरला. तो कुणाशी तरी फोनवर बोलत होता, साध्या, ओल्या आवाजात. "सर, मी ते काढतोय. सगळ्यांचं. नाही सर, विचारत नाहीये, सांगतोय."

थोरलीने ते ऐकलं न ऐकलंसं केलं. तिच्यासमोर तो हात होता, अजून धरलेला. बहिणीशी ती कधी खोटं बोलली नव्हती. त्यांच्या भाषेत खोट्याला खूणच नव्हती. तिने आपला गाल फुगवला, त्यावर बोट टेकवलं आणि मान खालीवर केली. जेवले. तुझ्या समोर बसून जेवले.

धाकटीचा अर्धा चेहरा समाधानाने हसला. पण हात तिने खाली घेतला नाही. मग थोरलीने पुढे होऊन तो हात गालावरून अलगद काढला, आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मांडीवर ठेवला. खिडकीचा पडदा फुगत होता आणि बसत होता, आणि त्याच्याकडे बघायचं धाडस तिला होईना.